आपत्काल-पत्रकाची भाषा : उपवास, साखर, सलाईन आणि झोप या चार शब्दांचा विचार

१. प्रास्ताविक

वैद्यकशास्त्राच्या कक्षेतील विषयावर भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी अनधिकाराचे वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रस्तुत लेखाची मर्यादा आरंभीच स्पष्ट केलेली बरी. रोगाचे निदान किंवा उपचार हा या लेखाचा विषय नव्हे. आनुवंशिक चयापचयविकार असलेल्या रुग्णाजवळ एक-दोन पानांचे आपत्काल-पत्रक सदैव असावे, हे या क्षेत्रातील तज्ज्ञांना आज सर्वत्र मान्य आहे. त्या पत्रकाची भाषा हा आपला विषय होय.

हे पत्रक तज्ज्ञ डॉक्टर दिवसा, सवडीने, रुग्णाची सर्व माहिती समोर ठेवून लिहितात. वाचले जाते ते मात्र बहुधा रात्री, घाईत आणि अशा माणसाकडून की ज्याने त्या विकाराचे नावही पूर्वी ऐकलेले नसते. लेखक आणि वाचक यांच्यामधील हे अंतर केवळ ज्ञानाचे नाही, ते भाषेचेही आहे. पत्रकातील एखादा शब्द शास्त्रदृष्ट्या बिनचूक असूनही व्यवहारात घातक ठरू शकतो, कारण त्या शब्दाला मराठीत आधीपासूनच दुसरा अर्थ असतो. हे विधान पुढे चार शब्दांच्या आधारे तपासावयाचे आहे.

२. विकाराचे स्वरूप

‘चयापचय’ हा शब्द ‘चय’ आणि ‘अपचय’ या दोन पदांचा मिळून झाला आहे. चय म्हणजे साठवण, उभारणी. अपचय म्हणजे साठवलेल्याचे विघटन. शरीरात या दोन्ही क्रिया अखंड चालू असतात आणि त्यांतील प्रत्येक पायरीवर एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करीत असते. एखादे विकर जन्मतःच निर्माण होत नसेल किंवा दुबळे असेल, तर त्या पायरीवर काम अडते. अडलेल्या जागेच्या मागे विषारी द्रव्ये साचतात, किंवा पुढे शरीरास आवश्यक असलेला पदार्थ मिळत नाही.

लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ साली अल्काप्टोनयुरिया या विकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९०८ च्या व्याख्यानमालेत अशा ‘जन्मजात चयापचयदोषां’ची कल्पना मांडली. १९३४ साली नॉर्वेमध्ये फोलिंग यांनी फिनाइलकीटोनयुरियाचे, तर १९५४ साली अमेरिकेत मेंकीस यांनी मूत्रास मेपल सरबताचा वास येणाऱ्या विकाराचे वर्णन केले. आज अशा विकारांची संख्या एक हजारावर गेली आहे. प्रत्येक विकार स्वतंत्रपणे विरळ आहे, पण सर्वांची बेरीज उपेक्षणीय नाही. यांपैकी बहुतेकांत आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल असलेल्या समाजांत हा संभव अधिक वेळा प्रत्यक्षात उतरतो.

एरवी हसतेखेळते असलेले मूल तापाने किंवा उलट्यांनी आजारी पडते, खाणे थांबते आणि शरीर स्वतःच्याच प्रथिनांवर व चरबीवर जगू लागते. निरोगी मुलात हा अपचय दोन दिवसांत भरून निघतो. ज्या मुलाच्या शरीरात त्याच मार्गावर अडथळा आहे, त्याच्या रक्तात मात्र अमोनिया किंवा आम्ले साचू लागतात, अथवा मेंदूस ऊर्जा अपुरी पडते. काही तासांत गुंगी, आचके आणि बेशुद्धी येऊ शकते. मूल वाचले, तरी मेंदूची हानी कायमची राहू शकते. म्हणून यांतील अनेक विकारांत आपत्कालीन उपचाराचे पहिले सूत्र एकच असते : पुरेसे ग्लुकोज त्वरेने देऊन अपचय थांबविणे. प्रथिनांशी संबंधित विकारांत त्याबरोबर अन्नातील प्रथिने तात्पुरती बंद करावी लागतात, मात्र फार तर एक-दोन दिवस. त्याहून अधिक काळ ती बंद राहिल्यास शरीर पुन्हा स्वतःचीच प्रथिने मोडू लागते. या सूत्रालाही अपवाद आहेत. काही विकारांत ग्लुकोजचा मोठा भार अपायकारक ठरतो. म्हणूनच सर्वांना एकच पत्रक चालत नाही. प्रत्येक रुग्णाचे पत्रक स्वतंत्र असावे लागते.

३. रांजणगाव : एक भाषिक परिस्थिती

भाषेचा विचार स्थळ सोडून करता येत नाही. म्हणून उदाहरणासाठी शिरूर तालुक्यातील रांजणगाव घेऊ. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे ५० किलोमीटरांवर हे गाव आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान, आणि त्याच्या शेजारीच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र. मूळचे शेतकरी, मराठवाडा-विदर्भातून आलेले कामगार, उत्तर हिंदुस्थानातून आणि ओडिशातून आलेली कुटुंबे अशी सरमिसळ वस्ती येथे आहे. पुढे शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी मात्र पुणे गाठावे लागते. दुर्मिळ रोगांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार निश्चित झालेले महाराष्ट्रातील उत्कृष्टता केंद्र तर मुंबईस, के. ई. एम. रुग्णालयात आहे.

अशा गावातील एखाद्या भाड्याच्या खोलीत चरबीपासून ऊर्जा मिळविण्याची शक्ती नसलेले पाच वर्षांचे मूल आहे, वडील रात्रपाळीला गेले आहेत आणि मुलाला संध्याकाळपासून उलट्या होत आहेत, अशी कल्पना करू. त्या रात्री पत्रक प्रथम आई वाचील, किंवा तिला वाचता येत नसल्यास शेजारीण वाचील. नंतर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील डॉक्टर, मग रुग्णालयातील परिचारिका, मग रात्रीचे वैद्यकीय अधिकारी. संहिता एकच, पण तिचे चार-पाच वाचक आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाची मराठी वेगळी आहे.

४. ‘उपवास’

अशा मुलाच्या बाबतीत तज्ज्ञांची पहिली सूचना असते ती दीर्घकाळ रिकाम्या पोटी न राहण्याची. या सूचनेचे मराठी भाषांतर सहज ‘उपवास टाळावा’ असे केले जाते. आता मराठीत उपवास म्हणजे काय? महागणपतीच्या गावात तर या शब्दाचा पहिला अर्थ संकष्टी चतुर्थी. दिवसभर व्रत आणि चंद्रोदयानंतर भोजन. या अर्थाने वाचणारी आई मनाशी म्हणेल, ‘माझ्या लेकराला मी कधी उपवास धरायला लावलाच नाही.’ सूचना पाळली गेली असे तिला प्रामाणिकपणे वाटेल. प्रत्यक्षात तापामुळे मूल दुपारपासून काही खात नाही, याला ती उपवास म्हणणार नाही. त्याला ती ‘उपाशी राहणे’ म्हणेल, किंवा ‘तोंडाला चव नाही’ एवढेच म्हणेल. दोन शब्द एकाच कुळातले, पण एक व्रताकडे गेला आणि दुसरा भुकेकडे राहिला.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. मराठी उपवास हा अन्नत्याग नव्हे, तो अन्नपालट आहे. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळी आणि राजगिरा हे सारे ‘उपवासाचे पदार्थ’ या एकाच वर्गात बसतात. पोषणशास्त्रास हा वर्ग मान्य नाही. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीत, तर शेंगदाण्यात ती वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश आहेत. ज्या मुलाला प्रथिने मोजून द्यावयाची आहेत, त्याला साबुदाणा चालेल, पण त्यातील दाण्याचा कूट चालणार नाही. ‘उपवासाचे हलके अन्न द्या’ असा सल्ला देणाऱ्या शेजारणीच्या वाक्यात उपकारक आणि अपायकारक पदार्थ एकाच शब्दाखाली येतात.

तेव्हा पत्रकात ‘उपवास’ हा शब्द मुळीच नसावा. त्याच्या जागी काळ लिहावा. वर वर्णन केलेल्या विकारांपैकी जो अधिक आढळतो, त्यात दोन वर्षांवरील मुलास निरोगी अवस्थेत सुमारे बारा तासांची मर्यादा सर्वसाधारणपणे सांगितली जाते. यकृतातील साठा वापरता न येणाऱ्या दुसऱ्या एका विकारात ती अवघ्या तीन-चार तासांची असू शकते. आणि आजारपणात या मर्यादा लागू राहत नाहीत. म्हणून ‘इतक्या तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामे ठेवू नका, आजारी असताना इतक्या तासांनी द्या’ असे आकड्यासह वाक्य हवे. आकडा अर्थातच त्या मुलाच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी भरावयाचा.

५. ‘साखर’

‘रक्तातील साखर’ या प्रयोगातील साखर आणि डब्यातील साखर यांना मराठीने एकच नाव दिले आहे. मधुमेहाच्या प्रसारामुळे ‘साखर कमी झाली की साखर द्यावी’ हे समीकरण घरोघर रुजले आहे. मधुमेही माणसाच्या बाबतीत ते बहुधा उपयोगी पडते. आपल्या विषयात मात्र त्यात दोन धोके आहेत.

पहिला रसायनाचा. डब्यातील साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या संयोगाने बनलेली असते. फ्रुक्टोज पचविण्याची आनुवंशिक असमर्थता हा विकार १९५६ साली लंडनमध्ये प्रथम वर्णिला गेला. त्या रुग्णास फ्रुक्टोजमुळेच रक्तातील ग्लुकोज घसरते आणि यकृतास इजा होते. म्हणजे ‘साखर कमी झाली’ म्हणून साखरपाणी पाजले, तर घसरण वाढेल. मध, गूळ, उकडीच्या मोदकाचे सारण, पंचामृत आणि गोड चवीची अनेक पातळ औषधे हीही त्याच वर्गातली. नवजात बालकास मध चाटविण्याची चाल अशा बालकाला किती महाग पडेल, हे सांगावयास नको. गॅलेक्टोसीमिया या विकारात हाच प्रकार दुधाच्या बाबतीत होतो.

दुसरा धोका तर्काचा. चरबीच्या विकारात मूल गुंगीत जाऊ लागले, तरी त्या क्षणी रक्तातील ग्लुकोज ठीक आढळू शकते. अमोनिया साचण्याच्या विकारात तर ग्लुकोजच्या मापावरून काहीच कळत नाही. ‘साखर नॉर्मल आहे, घरी न्या’ हे वाक्य अशा वेळी धीर देणारे वाटते आणि घात करते. उपचार आकड्यावर नव्हे, मुलाच्या अवस्थेवर ठरावा, हे पत्रकात निःसंदिग्ध लिहिले पाहिजे.

‘ग्लुकोज’ हा शब्द तरी निर्दोष आहे काय? तोही नाही. दुकानात ग्लुकोज मागितले, तर ग्लुकोज बिस्किटाचा पुडा पुढे येतो. याच जातीचे आणखी एक उदाहरण : यकृतसाठ्याच्या विकारात न शिजवलेला मक्याचा स्टार्च पाण्यात कालवून देतात, कारण तो सावकाश पचतो. कोणी त्याचे भाषांतर ‘मक्याचे पीठ’ असे केले, तर घरात भाकरीचे पीठ येईल आणि कदाचित ते शिजवलेही जाईल. अशा ठिकाणी भाषांतराचा मोह सोडून बाजारातील डब्यावर जे नाव असते तेच देवनागरीत लिहावे, आणि मोजण्याचा चमचाही सांगावा.

६. ‘सलाईन’

बोली मराठीत शिरेतून जे काही थेंबाथेंबाने जाते ते सारे ‘सलाईन’. ‘सलाईन लावले’ म्हणजे उपचार झाला, अशी आपली समजूत असते. शास्त्रात मात्र हे नाव केवळ मिठाच्या द्रावणाचे आहे आणि त्यातून ऊर्जा मुळीच मिळत नाही. ग्लुकोजच्या द्रावणातही ५ टक्क्यांचे द्रावण १० टक्क्यांच्या निम्मीच ऊर्जा देते, आणि या विकारांच्या आपत्कालीन सूचनांत सामान्यतः १० टक्क्यांचे द्रावण, क्षार मिसळून, सांगितलेले असते. आता पुण्यातील तज्ज्ञाने फोनवर विचारले, ‘सलाईन चालू आहे ना?’ आणि शिरूरहून वडिलांनी सांगितले, ‘हो, कधीचे चालू आहे,’ तर दोघेही खरे बोलत असतील आणि तरीही मुलाला ग्लुकोजचा एक कणही मिळत नसेल. संवाद पूर्ण झाला, अर्थ पोचला नाही, आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. म्हणून कुटुंबाला एक प्रश्न पाठ करून द्यावा : ‘बाटलीत ग्लुकोज आहे का, आणि किती टक्के?’

७. ‘झोप’

मराठीत जाणिवेच्या ऱ्हासाची शब्दसंपत्ती मोठी आहे. पेंग, सुस्ती, मरगळ, ग्लानी, गुंगी, भ्रम, बेशुद्धी अशी उतरती भाजणीच लावता येते. पण आपत्कालात आई यांतील शब्द वापरीलच असे नाही. ‘पोर मलूल पडलंय’, ‘मान टाकलीय’, ‘डोळे फिरवतंय’, ‘अंगावर पीत नाही’ असे ती म्हणेल. ही वर्णने सैल वाटली, तरी निरीक्षणाच्या दृष्टीने अचूक आहेत, आणि ऐकणाऱ्याने त्यांना वैद्यकीय संज्ञांइतकेच वजन द्यावयास हवे.

खरा धोका ‘झोप’ या निष्पाप शब्दात आहे. दिवसभर ओकून थकलेले मूल रात्री डोळे मिटून पडले, की घरातील वडीलधारी म्हणतात, ‘आता शांत झोप लागली, उठवू नका.’ आजाऱ्याची झोप मोडू नये हा आपला जुना आणि एरवी शहाणपणाचा संकेत. या मुलाच्या बाबतीत तीच झोप गुंगीची पहिली पायरी असू शकते. ‘सुस्ती आल्यास’ असे लिहिल्याने हे कळत नाही. ‘हाक मारा, नेहमीसारखे उठून नेहमीसारखे बोलले नाही, तर ती झोप नव्हे’ असे कसोटीचे वाक्य लिहिल्यास कळते.

८. क्रियापद आणि अंक

शब्दांनंतर वाक्यरचना. औपचारिक मराठीत सूचना विध्यर्थात लिहिण्याचा प्रघात आहे : ‘ग्लुकोज द्यावे’, ‘रुग्णालयात न्यावे’. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून आपण शिकत आलो आहोत की, विध्यर्थाने केवळ कर्तव्य नव्हे, तर योग्यता, इच्छा, शक्यता असे अनेक अर्थ व्यक्त होतात. ‘द्यावे’ म्हणजे दिलेच पाहिजे, की दिलेले बरे, की दिले तरी चालेल? शिवाय या रचनेत कर्ता गुप्त राहतो. कोणी द्यावे, आईने की परिचारिकेने? हे वाक्यात नसते, आणि प्रत्येक वाचक ते काम पुढच्यावर सोपवू शकतो. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांनी उच्चार ही एक कृती असते हा विचार रूढ केला. आपत्काल-पत्रकातील वाक्य ही तर निखळ कृती आहे. तेथे साधी आज्ञार्थी रूपे हवीत : ‘द्या’, ‘न्या’, ‘थांबू नका’. सौजन्याची हानी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

अंकांचा प्रश्न विशेष काळजीचा आहे. डॉक्टरांसाठीचे पान इंग्रजीत आणि कुटुंबासाठीचे मराठीत, अशी विभागणी योग्यच आहे. पण हाताने लिहिताना दोन्ही अंकलिपी एका पानावर मिसळल्या, तर देवनागरी १ हा रोमन नऊसारखा आणि देवनागरी ४ हा रोमन आठासारखा दिसतो. औषधाच्या मात्रेत ही चूक क्षम्य नाही. एका पानावर एकच अंकलिपी असावी आणि महत्त्वाची संख्या अक्षरीही लिहावी. मात्रा मुलाच्या वजनावर अवलंबून असल्याने वजन आणि ते घेतल्याची तारीख पानाच्या शिरोभागी असावी. दोन वर्षांपूर्वीच्या वजनाचे पत्रक हे अर्धे खोटे पत्रक होय.

९. एक नमुना

वरील विवेचनास अनुसरून, चरबीच्या विकारातील मुलाच्या कुटुंबासाठी असलेल्या पानाचा आराखडा पुढे दिला आहे. तो भाषेचा नमुना आहे, औषधयोजनेचा नव्हे. रिकाम्या जागा तज्ज्ञ डॉक्टरांनीच भरावयाच्या आहेत.

(१) या मुलाला जन्मापासून विकार आहे. अंगातली चरबी वापरून ताकद मिळवणे त्याच्या शरीराला जमत नाही. खाणे थांबले की त्याच्या जिवाला धोका असतो.
(२) ताप, उलटी, जुलाब किंवा खायला नकार, यांपैकी एकही गोष्ट सुरू झाली की लगेच ___ हे पेय द्या. दर ___ तासांनी ___ मिली. रात्रीही उठवून द्या.
(३) पेय उलटून पडले किंवा मूल ते घेत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.
(४) हाक मारा. नेहमीसारखे उठून बोलले नाही, तर ती झोप नव्हे. तोंडातून काही भरवू नका. ताबडतोब रुग्णालयात न्या.
(५) रुग्णालयात मागचे इंग्रजी पान डॉक्टरांच्या हातात द्या. विचारा : ‘बाटलीत ग्लुकोज आहे का, आणि किती टक्के?’
(६) रक्तातली साखर ठीक आली, तरी आमच्याशी फोनवर बोलणे झाल्याशिवाय घरी परतू नका. फोन : ___

हे पान तयार झाले, म्हणजे ते आईकडून मोठ्याने वाचवून घ्यावे किंवा तिला वाचून दाखवावे, आणि ‘समजले का?’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल ते सांगा’ असे म्हणावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे भिडेखातर नेहमी ‘हो’ असेच येते. घरची भाषा हिंदी किंवा ओडिया असेल, तर पानही त्या भाषेत हवे.

१०. मार्ग बंद झाला तर

आपत्काल केवळ शरीराचाच नसतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुराने आणि मार्च २०२० मधील टाळेबंदीने, रुग्णालय जवळ असणे व तेथे पोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवून दिले. रांजणगावापुरते पाहिले, तर काही अडथळे पंचांगातच लिहिलेले आहेत. अंगारकी चतुर्थीस आणि भाद्रपदातील उत्सवात देवस्थानाकडे गर्दी लोटते. दरवर्षी १ जानेवारीस पेरणे येथील जयस्तंभास अभिवादन करण्यासाठी मोठा समुदाय येतो आणि याच महामार्गावरील वाहतूक वळविली जाते. अशा दिवसांपूर्वी पत्रकातील पर्यायी मार्ग आणि पर्यायी रुग्णालय तपासून घ्यावे. विशेष आहार आणि औषधे यांचा काही आठवड्यांचा साठा घरात असावा, आणि पत्रकाची एक प्रत शाळेत, एक वडिलांच्या पाकिटात व एक फोनमध्ये असावी. मूल मोठे होऊन स्वतः कारखान्यात कामाला लागले, तर ती प्रत त्याच्या ओळखपत्रामागे जावी, कारण हे विकार वयाबरोबर मागे पडत नाहीत.

११. समारोप

नवजात बालकांच्या तपासणीचा राज्यव्यापी कार्यक्रम गोव्यात २००८ साली सुरू झाला होता. अशा तपासण्यांचा जसजसा विस्तार होईल, तसतशी निदान झालेली परंतु तज्ज्ञांपासून दूर राहणारी मुले खेड्यापाड्यांत आणि औद्योगिक वसाहतींत वाढतील. त्यांच्यासाठी मराठीत पत्रके लिहावी लागतील. ती केवळ इंग्रजी पत्रकांची भाषांतरे असून चालणार नाही. उपवास, साखर, सलाईन आणि झोप हे चार शब्द केवळ वानगीदाखल घेतले; ‘पथ्य’, ‘ताकद’, ‘वारे’ असे आणखी कितीतरी शब्द तपासावयाचे राहिले आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतील आया आजारी मुलाचे वर्णन कोणत्या शब्दांत करतात, याचा पद्धतशीर संग्रह आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास तो बोलीविज्ञानाचा अभ्यास तर होईलच, शिवाय एखाद्या रात्री एखाद्या घरी त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.